लाल ठिपक्याचं बटण

आमच्या घरमालकांना कुणी काहीही सांगितलं, की ते आधी विचारायचे, "खूण काय?"

दूधवाल्यानं म्हणावं, दूध म्हशीचं आहे. "खूण काय?" शेजारणीनं सांगावं, पोराचा ताप उतरला. "खूण काय?" मी एकदा सहज बोलून गेले, की सोमवारी शाळेला सुटी आहे. त्यांनी मान वर केली. "खूण काय?"

"भाऊ, मीच त्या शाळेत शिकवते," मी म्हटलं.

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. सोमवारी सकाळी ते शाळेपर्यंत चालत गेले, फाटकाचं कुलूप हातानं हलवून पाहिलं आणि परत येऊन आमच्या दारात उभे राहिले. "हाव, मास्तरीणबाई. सुटी हाय." जणू ती बातमी त्यांनीच मला आणून दिली होती.

चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होतं. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, म्हणून मी आणि आई वर्ध्याहून इथे आलो होतो. वडील नव्हते. तलावाच्या बाजूच्या एका गल्लीत भाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मागच्या भागात भाऊ आणि त्यांची बायको राहायची. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. परसात कायम जाळी वाळत पडलेली असायची आणि उन्हं तापली की त्यांचा वास आमच्या खोलीपर्यंत यायचा. आईनं सुरुवातीला नाकाला पदर लावला, पुढे तिला त्या वासाचं काही वाटेनासं झालं.

भाऊ ढीवराच्या घरातले. लहानपण तलावाच्या काठावर गेलं, तरुणपणी पोंभुर्ण्याकडच्या तलावांत मासेमारीचे ठेके घेऊ लागले आणि त्यातून हे घर बांधलं. बुटके, काळे, मिशा पांढऱ्या आणि कान अंगाच्या मानानं भलतेच मोठे. त्यांच्या त्या खुणेच्या नादाचं मूळ त्यांनी एकदा स्वतःच मला सांगितलं. गळ टाकताना दोरीला मोरपिसाची दांडी बांधतात. ती पाण्यावर तरंगते. मासा लागला की दांडी बुडते.

"पाणी गढूळ असते, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "खाली मासा हाय का गोटा हाय, तुमाले का समजते? ते दांडी सांगते. दांडीबिगर गळ टाकून बसणारा माणूस येडाच म्हणा."

गल्ली मात्र त्यांनाच वेडा म्हणायची. पण त्याचं कारण खूण नव्हतं. कारण वेगळं होतं.

दिवस मावळला की भाऊंच्या घरातली सगळी कामं भाऊ करायचे. कंदील पुसून लावणं, चूल पेटवणं, भात टाकणं, लाखोळीची डाळ घोटणं, वाढणं, भांडी घासणं. मावशी तेवढा वेळ भिंतीला टेकून एका ठरलेल्या पाटावर बसलेली. सकाळी तीच मावशी अंगण सारवायची, तलावावरून दोन घागरी भरून आणायची, मासे साफ करायला बसली की हात दिसायचा नाही अशी झपाझप काम करायची. संध्याकाळी मात्र ती महाराणी. त्या काळात, त्या गल्लीत, मिशा असलेला माणूस चुलीपुढे बसून फुंकणीनं फुंकतोय हे दृश्य बघायला पोरं कुंपणावर चढायची.

भाऊ त्याची कारणं सांगायचे. घोळ असा, की प्रत्येकाला वेगळं सांगायचे. एकाला म्हणाले, आमच्या कुळदेवाचा नेम आहे, दिवस बुडाल्यावर बाईमाणसानं विस्तवाला शिवायचं नाही. दुसऱ्याला म्हणाले, हिच्या हातची डाळ सकाळी गोड होते अन् सांजच्यानं आंबते. तिसऱ्याला एका ज्योतिष्याचं नाव सांगितलं. बायका पाण्याला गेल्या की ही कारणं एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि पोट धरून हसायच्या.

संध्याकाळचं ते कुठेही जात नसत. लग्नाला गेले तर दुपारीच अक्षता टाकून, बायकोला घेऊन, उन्हं असताना परत. भजनाला नाही. ठेकेदारांची बैठक संध्याकाळी ठरली तर ते निरोप पाठवायचे, सकाळी ठेवा, नाहीतर माझ्याविना करा. बैठक त्यांच्याविना व्हायची.

आम्ही राहायला आलो तेव्हा मला भाऊ हा एक जुलमी माणूस वाटला होता. बायकोला संध्याकाळी पाटावरून उठू देत नाही, म्हणजे काय! मी आईला तसं म्हणालेही. आई म्हणाली, "मला असा जुलमी मिळाला असता तर मी रोज त्याची पूजा केली असती." आणि कणीक मळू लागली.

खरा प्रकार आईलाच आधी कळला. पावसाळ्यात एकदा भाऊ ठेक्याच्या कामासाठी पोंभुर्ण्याला गेले होते. दुपारपर्यंत येणार होते, पण नाल्याला पूर आला आणि ते पलीकडे अडकले. आईनं त्या दिवशी वड्या केल्या होत्या. संध्याकाळी वाटी घेऊन ती मागच्या दारानं गेली. घरात कंदील नाही, चूल नाही. मावशी आपल्या पाटावर बसलेली. समोर हातभर अंतरावर पाण्याचा गडू होता. दारातून अजून थोडा उजेड येत होता, आईला तो गडू स्पष्ट दिसत होता. आणि मावशीचा हात जमिनीवरून इकडेतिकडे फिरत होता, गडूच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे.

आईनं गडू उचलून तिच्या हातात दिला.

मावशी दचकली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "समजलं ना तुमाले?"

"किती दिवसांपासून?"

"लहानपणापासून. माझ्या बापाले बी असंच होतं. दिवसा सप्पं दिसते. सांज झाली का पडदा पडते."

मग तिनं आईला सगळं सांगितलं. तिच्या माहेरच्यांनी ही गोष्ट लपवून लग्न लावलं होतं. लग्नानंतर दोनचार दिवसांतच ती न लावलेल्या कंदिलाला अडखळून पडली आणि भाऊंच्या लक्षात आलं. सासू कडक होती. कळलं असतं तर "आंधळी पोरगी गळ्यात बांधली" म्हणून तिनं सुनेला माहेरी पोचवलं असतं. भाऊ तेव्हा वीस-बावीस वर्षांचे असतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः चुलीपुढे जाऊन बसले आणि आपल्या आईला म्हणाले, आजपासून सांजचा सैपाक मी करीन, मले सपनात देवानं सांगतलं. सासू मरेपर्यंत समजत राहिली की सुनेनं पोरावर करणी केली आहे.

"त्यायले सांगू नका," मावशी आईला म्हणाली. "तुमाले समजलं म्हणून सांगू नका. लय मेहनतीनं लपवून राह्यले ते."

आईनं मला सांगितलं, कारण आई मला काही सांगितल्याशिवाय राहू शकत नसे. पण आम्ही दोघींनी भाऊंना कधी कळू दिलं नाही. संध्याकाळी ते डाळ घोटत असले की आम्ही पूर्वीसारख्याच हसायचो. हसलो नसतो तर त्यांना संशय आला असता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत विजेचे खांब आले.

गावात वीज आधीपासून होती, पण ती मोठ्या रस्त्यापर्यंत. आमच्या गल्लीला ती आता मिळणार होती. वायरमन घरोघर फिरू लागला. तरुण पोरगा होता, नागपूरला काम शिकून आलेला, खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायचा, त्यावरून तार न्यायचा आणि दाराजवळ लाकडाच्या गोल गट्टूवर काळं बटण बसवायचा. खाली ओढलं की दिवा लागायचा. लोक दिवसभर टकटक करत बसायचे.

भाऊंनी ते बटण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "याले खूण कुठी हाय?"

"कसली खूण?"

"तारेत वीज हाय का नाई, याची."

"भाऊ, दिवा लागला म्हणजे वीज आहे."

"अन् नाई लागला तं?"

"तर नाही."

"काऊन? बल्ब बी मेला असंन. तार बी तुटली असंन. माझा एक दिवा मागं परसात राहीन, जाळ्यापाशी. बटण राहीन घरात. मले इथी उभं राहून कसं समजाचं का तिथी लागला का नाई?"

वायरमन घाईत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, की अशीही बटणं असतात, त्यात बारीक लाल दिवा बसवलेला असतो, नागपूरच्या एका दुकानात पाहिली आहेत, विलायती. हे बोलल्याचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला असणार. भाऊंनी त्याच्या हातातली पट्टी काढून खाली ठेवली. "ते आण. तोवर माझ्या भितीले खिळा मारू नको."

गल्लीतली सगळी घरं उजळली. आमचं घर मात्र कंदिलावर राहिलं. शेजारच्यांच्या बल्बचा उजेड भिंतीवरून आमच्या ओसरीवर पडायचा आणि त्या उसन्या उजेडात मी मुलींच्या वह्या तपासायची. मी भाऊंना विनवलं. आईनं विनवलं. भाऊ म्हणायचे, "थांबा. आंधळ्यावानी कराचं नाई."

हे वाक्य ते बोलले तेव्हा आत मावशीच्या हातातली परात वाजली. त्यानंतर दोन दिवस भाऊंनी तो विषय काढला नाही.

वायरमननं नागपूरच्या दुकानात चौकशी केली आणि एक नवीनच भानगड आणली. लाल दिव्याची बटणं दोन जातींची होती. एका जातीत बटण सुरू केलं की लाल दिवा लागायचा, बंद केलं की विझायचा. दुसरीत उलटं. बटण बंद असलं की लाल दिवा जळायचा आणि सुरू केलं की विझायचा. कोणती पाहिजे ते ठरवा, म्हणाला.

भाऊंना ठरवायला क्षणही लागला नाही. "बंद असतानी जळणारा? दुकान बंद अन् पाटी चमकते? हे कोणाचं डोस्कं म्हणा? आपल्याले पहिली जात पाह्यजे. सुरू केलं का लाल."

आतून मावशी म्हणाली, "बंद असतानी जळणारा बरा."

"काऊन?"

"असंच."

"असंच का असते?"

ओसरीवर मी होते, वायरमन होता. मी वहीत डोकं घातलं. तिला काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून भिंतीवर कुठेतरी एक ठिपका. तो ठिपका दिसला की उठायचं, सरळ चालत जायचं, बटण दाबायचं. घर उजळलं की तिला निदान चूल तरी दिसली असती. आणि हे सगळ्यांच्या देखत ती बोलू शकत नव्हती. एकान्तात बोलली असेल का? नंतर मावशीच म्हणाली, की एकान्तातही त्या दोघांनी ही गोष्ट इतकी वर्षं उच्चारलेली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत भाऊंनी नागपूरला जायचं ठरवलं. खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला मी बरोबर हवी होते. मावशीनं नागपूर कधी पाहिलं नव्हतं, तीही निघाली. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो आणि महालातल्या माझ्या मामांकडे उतरलो. संध्याकाळी मावशी पाटावर बसली आणि भाऊ तिचं ताट वाढून घ्यायला मामीच्या स्वयंपाकघरात शिरले. मामीला त्यांनी एक नवंच कारण सांगितलं, त्यात साप होता. मामी रात्रभर कोपरे तपासत राहिली.

सकाळी आम्ही सीताबर्डीवरच्या त्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मेवाला, सौम्य माणूस. त्यानं आतून दोन खोकी काढली, मी वरचं इंग्रजी वाचलं. त्याच्याकडे दाखवण्यासाठी एक लाकडी पाटी होती, तिच्यावर दोन्ही जातींची बटणं आणि दोन बल्ब बसवलेले. त्यानं पहिलं बटण ओढलं. बल्ब लागला, आणि बटणाच्या पोटात एक लाल ठिपका उमटला, डाळिंबाच्या दाण्याएवढा.

भाऊंचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर इतक्या महिन्यांची सगळी कटकट माफ करावीशी वाटली. त्यांनी स्वतः दहा वेळा तरी ओढून पाहिलं असेल. दुसऱ्या बटणाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"हेच. घरभर हेच द्या."

दुकानदार खोकी बांधू लागला.

मावशी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "थांबा."

भाऊ वळले. मावशी उठून पुढे आली होती. पदर सारखा करून ती दुकानदाराशीच बोलली, भाऊंशी नाही. "मले सांज झाली का दिसत नाई. लहानपणापासून. अंधारात बटण सापडाले मले तो लाल ठिपका पाह्यजे. बंद असतानी जळणारा द्या."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळली. दुकानदाराचा हात सुतळीवर थांबला.

"काहीबी बोलून राह्यली," भाऊ घाईघाईनं म्हणाले. "तिले दिसते. चांगलं दिसते. प्रवासानं थकली ते."

"नाई दिसत," मावशी म्हणाली.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली. तेवढ्यानं त्यांना कळलं असावं की मलाही माहीत होतं. ते एकदम खचल्यासारखे बाकावर बसले.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "बाई, आमचं गोदाम मागे आहे, तिथे खिडकी नाही. चला, पाहून घ्या. न दिसणारी वस्तू कशाला घ्यायची?" लांब तारेनं ती पाटी त्यानं गोदामात नेली, भिंतीला टेकवली, आणि आम्ही आत गेल्यावर दार ओढून घेतलं. मागून भाऊही आले होते. काळोख मिट्ट होता. त्यात तेवढा एक लाल दाणा जळत होता.

"दिसते," मावशी म्हणाली. "तिथी हाय."

साडी सळसळल्याचा आवाज झाला. ती चालत गेली. कशालाही धडकली नाही. टक् झालं, बल्ब लागला, आणि पिवळ्या उजेडात मावशी खोक्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये ताठ उभी होती. तिनं बटण बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा बंद केलं. आम्ही तिघं अंधारात आणि उजेडात आळीपाळीनं उभे राहिलो. कुणी तिला पुरे म्हणालं नाही.

बाहेर आल्यावर दुकानदाराला वाटलं असावं की म्हाताऱ्याला थोडं बरं वाटावं. तो म्हणाला, "अन् भाऊ, तुमचंही काम यातच होते. बंद असताना लाल दिसून राह्यला, म्हणजे तारेत वीज आहे, बल्बही शाबूत आहे. परसातला दिवा लागेल की नाही, ते बटण दाबायच्या आधीच समजते. त्या दुसऱ्यापेक्षा हेच चांगलं."

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा टांगेवाला थांबला. "हे आधी सांगाले का झालं होतं तुले?"

दुकानदार गोंधळला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की हेच वाक्य तो थोडं आधी बोलला असता तर भाऊंनी तीच बटणं आपल्या हट्टानं घेतली असती आणि मावशीला काहीच बोलावं लागलं नसतं.

"बरं झालं नाई सांगतलं," मावशी म्हणाली, आणि खोकी स्वतःच्या पिशवीत भरू लागली.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसले. वर्धा गेलं, हिंगणघाट गेलं. मावशीनं शेंगदाणे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. वरोऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत भाऊ म्हणाले, "मंग इतके वर्षं मी येडा काऊन झालो?"

"तुमाले कोण म्हणलं होतं?"

"मायनं तुले घरी पाठोली असती."

"पाठोली असती. पण माय जाऊन किती वर्षं झाले?"

भाऊंनी विचार केला. माय गेल्यावर हे सोंग थांबवता आलं असतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नसावं. मग ते म्हणाले, "मले वाटलं, तुले लाज वाटते."

"अन् मले वाटलं, तुमाले वाटते."

गाडी हलली. भाऊंनी हात पुढे केला आणि मावशीनं त्यात शेंगदाणे ओतले. मी बाहेर बघत होते, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वायरमननं घरभर बटणं लावली. आमच्या खोल्यांतही लागली. पलंगावर पडलं की दाराजवळ तो लाल ठिपका दिसायचा. आई म्हणायची, घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

मावशीनं तलावावर बायकांना स्वतःच सांगितलं. आता लपवायचं तरी कशाला, असं तिचं म्हणणं. गल्लीनं भाऊंची थट्टा करणं एका दिवसात बंद केलं. कुंपणावरची पोरं आयांनी कान धरून उतरवली. बायका आपापल्या नवऱ्यांना भाऊंचं उदाहरण देऊ लागल्या आणि भाऊ रस्त्यानं चालले की बसलेले लोक उठून नमस्कार करू लागले. भाऊंना याचा भयंकर त्रास झाला.

"देवमाणूस म्हणून राह्यले मले, मास्तरीणबाई," ते एकदा वैतागून म्हणाले. "यापेक्षा येडा बरा होता. येड्याले कोणी वाटेत थांबवत नाई."

मावशीची दिवसाची नजरही पुढे हळूहळू कमी होत गेली, असं मला पुढे दुसऱ्या नोकरीवर कुरखेड्याला असताना कळलं. पण ते नंतरचं. त्या हिवाळ्यात मात्र ती संध्याकाळची राणी नव्हती, मालकीण झाली होती. सूर्य मावळला की लाल ठिपक्याच्या रोखानं उठायची, दिवा लावायची आणि त्या उजेडात चुलीपुढे बसायची. बल्ब चुलीच्या बरोबर वर टांगून घेतला होता. कोपऱ्यातलं तिला तरीही दिसत नसे, पण पातेल्यातलं दिसायचं. संध्याकाळचा स्वयंपाक तिनं लग्नानंतर जवळजवळ केलाच नव्हता. भाऊ मागे उभे राहून सूचना द्यायचे. कोथिंबिरीकडे बोट दाखवून म्हणायचे, सांभार आता नको टाकू, शेवटी टाक. अंबाडी अजून शिजाची हाय. मीठ पाह्यलं का? तिनं चारपाच दिवस ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी आम्हाला आतून तिचा आवाज ऐकू आला.

"जा बावा तुम्ही. बाहेर जा. माणसांत जाऊन बसा."

भाऊ आमच्या ओसरीवर आले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.

"मले हाकललं," ते म्हणाले.

आई म्हणाली, "मग जा की भाऊ. चौकात सगळे बसतात. इतक्या वर्षांत तुम्ही संध्याकाळ पाहिली कुठे?"

भाऊंनी डोक्याला फेटा गुंडाळला, चपला घातल्या आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली पुरुषमंडळी रोज बसायची. आम्ही दारातून त्यांना जाताना पाहिलं. ते पोचल्यावर लोकांनी सरकून जागा केली, तेही दिसलं.

आईचं पीठ चाळून व्हायच्या आत ते परत आले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"बसलो. एक जण कापसाचं सांगून राह्यला. दुसरा इलेक्शनचं. मी का बोलू? मंग मी विचारलं, तुमच्या घरी आज का शिजून राह्यलं? तं सप्पे हसले."

"मग?"

"मंग का. कोणाले मालूमच नाई. मी एकेकाले विचारलं. आपल्या घरी चुलीवर का हाय, हे एकाले बी मालूम नाई, बाई." ते खरोखर व्यथित झाले होते. थोडा वेळ उंबऱ्याशी उभे राहिले, मग आत नाक वळवून वास घेतला. "तिनं डाळ खाली लागू देली वाटते," म्हणाले, आणि चपला ओसरीवर तशाच टाकून मागच्या दाराकडे पळाले.